घागर कुठं भरायची?

नदीकाठच्या छोट्या गावातलं बालपण हा मराठी साहित्यातला फार लाडका विषय आहे. कुठलाही दिवाळी अंक उघडा, एक तरी लेख असा सापडतोच. त्यात घाट असतो, घाटावरचं देऊळ असतं, पहाटेची काकडआरती असते, ओल्या लुगड्यानं घागर घेऊन येणारी आई असते आणि पुराचं तांबडं पाणी बघायला धावलेली पोरं असतात. लेखक आता पुण्या-मुंबईला किंवा परदेशात असतो आणि नदी आटलेली असते. शेवटी त्याचे डोळे पाणावतात. वाचणाऱ्याचेही पाणावतात. आपले पाणावत नाहीत म्हणून आपल्याला अभिरुची नाही असं ठरतं.

मी असल्या लेखांची टिंगल करायला बसलेलो नाही. नदी कुणालाही आवडते. मलाही आवडते. माझा गाव कृष्णेच्याच काठाला, कऱ्हाडच्या खाली. पोहायला मीही तिथंच शिकलो. माझं भांडण समीक्षकाशी आहे. तो या लेखनाला 'सार्वत्रिक' म्हणतो, आणि त्याच नदीच्या खालच्या अंगाला वाढलेल्या पोरानं आपलं घर लिहिलं की त्याला 'सामाजिक दस्तऐवज' म्हणतो. त्यांची आई ती नुसती आई. आमची आई मात्र 'शोषित स्त्रीचं चित्रण'. ही वाटणी कुणी केली आणि कुठल्या मापानं केली, हे एकदा विचारलं पाहिजे. नुसतं चिडून भागत नाही. आपल्याकडं आपलं माप पाहिजे.

माझं माप साधं आहे. नदीकाठच्या घराबद्दलचं पुस्तक हातात आलं की मी बघतो, या घरातली घागर कुठं भरली जात होती, कोण भरत होतं, आणि हे लेखकाला माहीत आहे का.

हे माप का, ते सांगतो. नदीला वर आणि खाली असतं. विहिरीला ते नसतं. विहीर एकदा शिवली की सगळी बाटली, असा हिशेब. म्हणून विहिरीवर सरळ बंदी घालावी लागते. नदी वाहती, तिला बंदी कशी घालणार? तर गावानं उताराचाच उपयोग केला. वरच्या अंगाला देवाचं आणि पिण्याचं पाणी. त्याच्या खाली धुणं. त्याच्या खाली गुरं. त्याच्याही खाली आमचा पाणवठा. गावागणिक थोडा फरक, पण हिशेब हाच. वरचं सगळं खाली येतं, खालचं वर जात नाही. ना भिंत लागली ना पाटी. पाणी आपल्या आपण जात पाळायला लागलं. पाहुणा घाटावर उभा राहिला तर त्याला निसर्ग दिसतो.

यावर कुणी म्हणेल, नदी होती ना, मग तक्रार कसली? हाच प्रश्न महाडला विचारता येईल. महाड सावित्री नदीच्या काठावर आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला, १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन त्या तळ्यावर जावं लागलं. गावाजवळून नदी वाहत होती तरी. कारण प्रश्न नुसत्या तहानेचा नव्हता. गावाच्या मधोमध, सगळे जिथून पितात तिथून प्यायचा होता. खालच्या अंगाला भरपूर पाणी देणं ही गावाची मेहेरबानी नव्हती, तो गावाचा बंदोबस्त होता.

आता पुस्तकं घेऊ.

लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' घ्या. पहिला भाग १९३४ साली आला. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोदावरीच्या काठच्या. घर ब्राह्मणाचं. वडिलांना सोवळ्याचं वेड लागलेलं. १८५७ च्या बंडात सासऱ्याला फाशी झाल्याचा त्यांच्या मनावर परिणाम झाला होता. घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. मीठसुद्धा धुवायचं. लक्ष्मीबाई हे इतक्या हसत सांगतात की आपणही हसतो. आणि आजवर बहुतेक समीक्षकांनी हसूनच सोडलं. विनोद, प्रांजळपणा, साधी भाषा. वडिलांचा विक्षिप्तपणा.

हा भाग मी माझ्या आईला वाचून दाखवला. ती शाळेत गेलेली नाही. मीठ धुतात म्हटल्यावर ती पण हसली. म्हणाली, "आरं, मीठ धुतल्यावं ऱ्हातंय काय?" मग जरा थांबून म्हणाली, "आन् यवडं पानी आनत हुतं कोन?"

एवढ्या समीक्षकांनी जे विचारलं नाही ते आईनं विचारलं. सोवळं पुरुषाचं असतं, पण ते चालतं बाईच्या कष्टावर. लक्ष्मीबाईंची आई आणि घरातली पोरं त्या धुण्यात भरडली गेली. लक्ष्मीबाई तसं भाषण करत नाहीत, पण घराचा तपशील असा देतात की आपल्याला हिशेब करता येतो. म्हणून मी या पुस्तकाला मोठं म्हणतो. ज्या घरातून आम्हाला लांब ठेवलं, त्या घराला लांब ठेवण्याची किंमत काय पडत होती ते आतल्या पोरीनं लिहून ठेवलं. पुढं याच बाईनं एका रात्री स्वतःशी विचार करून जातिभेद मनातून काढून टाकला. नवरा १८९५ ला ख्रिस्ती झाला, ती १९०० साली. कुणी ओढत नेलं म्हणून ती गेली नाही, स्वतःचा विचार पुरा झाल्यावर गेली.

आणि विक्षिप्तपणा म्हणून हे सोडता येत नाही त्याचं कारण त्याच गोदावरीवर आहे. २ मार्च १९३० ला नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. पुस्तकाचा पहिला भाग छापून आला तेव्हा त्याला चार वर्षं उलटली होती आणि दार उघडलेलं नव्हतं. जलालपूरच्या एका घरातला माणूस मीठ धूत होता तर तो वेडा. सबंध शहर माणसांना दारात अडवत होतं तर तो धर्म. समीक्षेनं या दोन गोष्टी शेजारी ठेवायला पाहिजे होत्या.

दुसरं पुस्तक यशवंतराव चव्हाणांचं 'कृष्णाकाठ', १९८४ सालचं. माणूस मुख्यमंत्री झाला, देशाचा संरक्षणमंत्री झाला, पण पुस्तकाला नाव दिलं नदीच्या काठाचं. जन्म देवराष्ट्र्याचा, वाढले कऱ्हाडला. वडील कोर्टात बेलिफ, ते प्लेगात गेले. आई विठाबाईनं लहान पोरांना घेऊन संसार ओढला. घरातली गरिबी खरी आहे, आईचं मोठेपण खरं आहे. वाचताना मला माझ्या घराजवळचं पुष्कळ भेटलं आणि ते नाकारायचं मला कारण नाही. गरिबाला गरिबाचं घर ओळखू येतं.

पण गरिबी आणि शिवाशीव या दोन गोष्टी आहेत. कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात. त्या प्रीतिसंगमावर गरीब पोराला बसता येत होतं. पोटात भूक असली तरी नदी त्याची होती. त्याच मुलखातलं दुसरं पोर घ्या. १९०१ साल. सातारहून काही पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत बापाला भेटायला निघाली. बाप कोरेगावला, खटाव तालुक्यात, नोकरीला. आई वारलेली. नवे कपडे, भरजरी टोप्या, पहिल्यांदाच आगगाडीचा प्रवास. मसूर स्टेशनावर उतरली. मसूर म्हणजे आजच्या कऱ्हाड तालुक्यातलंच. बापाला पत्र पोचलं नव्हतं, न्यायला कुणी आलं नाही. महाराची पोरं म्हटल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, पण गाडी पोरांनी हाकायची आणि तो पायी चालणार. वाटेत नदीच्या पात्राजवळ पोरांनी डबा सोडला. पात्रात डबकं होतं. चिखल, गुरांचं शेण, मूत. वास असा की तोंड लावता येईना. पुढं टोलनाक्यावरही पाणी मिळालं नाही. डब्यात जेवण असून पोरं उपाशी झोपली. त्यातलं एक पोर म्हणजे बाबासाहेब. हे त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवलं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावानं. १९९० साली ते पुस्तिका म्हणून छापून आलं.

हे लेखन मी वस्तीत वाचून दाखवतो तेव्हा लोक त्यात अत्याचार बघतात. बरोबर आहे. पण ते एका घराचंही लेखन आहे. आई नसलेली पोरं. सांभाळणारी आत्या. न्हावी केसाला हात लावत नाही म्हणून भावंडांचे केस कापणारी थोरली बहीण. बापाला भेटायची हौस. बालपण, कुटुंब, प्रवास, नदी, दिवाळी अंकातल्या लेखाला लागणारं सगळं सामान त्यात आहे. तरी कुठल्या समीक्षकानं त्याला 'रम्य बालपणा'च्या पंक्तीला बसवलं? कृष्णाकाठ म्हटलं की हेही पान उघडलं पाहिजे. यशवंतरावांनी आमचं पाणी लिहिलं नाही असा ठपका मी ठेवत नाही. ज्यानं त्यानं आपली घागर लिहावी. पण एका घागरीवरून सबंध काठ सांगणारा समीक्षक मला मान्य नाही.

इथपर्यंत टाळ्या मिळतील. आता आपल्या अंगणात येऊ.

दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. दगडू मारुती पवार. अकोले तालुक्यातलं गाव, मुंबईतला कावाखाना, आणि मग संगमनेर. संगमनेर हे प्रवरेकाठचं गाव. पण दगडूला ते गाव भेटतं शाळेसाठी, बोर्डिंगात. घाट, देऊळ, नदीवरची संध्याकाळ याला त्याच्या हिशेबात मोल नाही. तिथं राहायला मिळालं आणि शिकायला मिळालं, याला मोल. पुस्तक आलं तेव्हा बाहेरच्यांनी कौतुक केलं आणि आपल्यातल्याच काहींनी बोंब मारली की घरातली लक्तरं वेशीवर टांगली. बापाची दारू कशाला लिहिली? आईचे हाल कशाला लिहिले? मला वाटतं, बलुत्याची ताकद नेमकी तिथंच आहे. गावानं घर मोडलं हे सांगताना, त्या मोडक्या घरात बापानं आईला कसं वागवलं हे तो लपवत नाही. मुंबईच्या रस्त्यावर चिंध्या आणि कागद वेचून घर चालवणारी ती बाई देवी होत नाही, बाईच राहते.

पण त्यानंतर आपण काय केलं? आपल्या कवितांत आई 'माय' झाली. फाटकं लुगडं, भेगाळलेले पाय, हातावरचे घट्टे. प्रत्येक अंकात तीच. माझ्याही कवितेत तीच आहे. तिला नाव नाही, राग नाही, आवडनिवड नाही. ती कुणावर चिडत नाही, फक्त व्यवस्थेची निशाणी म्हणून उभी राहते. दिवाळी अंकातली ओल्या लुगड्याची आई आणि आपली फाटक्या लुगड्याची माय, फरक फक्त लुगड्याचा. दोघींच्याही डोक्यावर घागर आहे, आणि दोन्ही लेखक ते पाणी बसून पितात.

या बाबतीत आपले डोळे उघडले ते बेबी कांबळे यांनी. 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं १९८६ साली. बेबीताई फलटणच्या. फलटण बाणगंगेच्या काठाला. लहानपण आजोळी वीरगावला. फलटणात त्यांचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक नसलं की कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहायच्या, आणि लिहिलेलं लपवून ठेवायच्या. किती वर्षं? वीस. कुणापासून लपवायच्या? पाटलापासून नव्हे. नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून.

हे पुस्तक माझ्या मापाला पुरं उतरतं. त्यात महारणी सरपणाचे भारे घेऊन गावात विकायला जातात. बामणाची बाई दारातून ओरडते, लाकडं नीट बघ, तुझ्या लुगड्याचा दोरा, डोक्याचा केस चिकटला असेल तर आमचं घर बाटेल. हा उतारा 'स्मृतिचित्रां'तल्या मीठ धुण्याशेजारी ठेवून वाचा. एकच गोष्ट दाराच्या आतून आणि दाराच्या बाहेरून लिहिलेली आहे. आत बाई धुते, बाहेर बाई केस निवडते. दोघींनाही त्याची मजुरी नाही. मराठीत ही दोन पानं शेजारी लावून शिकवली पाहिजेत.

बेबीताई तिथं थांबत नाहीत. महारवाड्याच्या आतल्या दारात शिरतात. लहान वयाची सून, पहाटेपासून दळण, पाणी, भाकरी, वर मार. पळून जाईल म्हणून तिच्या पायात लाकडाचा खोडा. हा खोडा गावानं घातलेला नाही. आपल्याच सासरच्यांनी घातलेला आहे. त्या लिहितात की वडील मोठ्या मनाचे होते, दुसऱ्यासाठी झिजायचे, पण आईला घराबाहेर पाऊल टाकू देत नसत. आणि स्वतःच्या नवऱ्याच्या संशयाबद्दल, माराबद्दल? ते पुस्तकात नाही. २००८ साली पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर माया पंडितांनी केलं, त्यांना दिलेल्या मुलाखतीत ते आलं. म्हणजे जिनं एवढं धाडसानं लिहिलं, तिलाही एक पान गाळावं लागलं.

ते पान कुणामुळं गळालं? इथं प्रस्थापित समीक्षकावर बोट दाखवून सुटता येत नाही. बाई लिहीत होती त्या काळात आपली अनियतकालिकं जोरात होती. विद्रोहावर परिसंवाद होत होते. नकाराची व्याख्या चालू होती. फलटणच्या दुकानात एक बाई चिटोऱ्यावर लिहून फळीमागं लपवत होती आणि आपल्यातल्या कुणाला पत्ता नव्हता. आपण नदीच्या खालच्या अंगाला राहतो हे खरं. पण आपल्या वस्तीतसुद्धा एक वरचा अंग आणि एक खालचा अंग आहे. वर पुरुष बसलेला आहे. खाली सून आहे.

काही दोस्त म्हणतील, हे आता जुनं झालं. नळ आला, पाणवठे गेले, नदीवर घागर घेऊन जातंय कोण? बरोबर. नदीचं पाणी कुणी पीत नाही, पिण्यासारखं राहिलेलं नाही. पंचगंगेत गावांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं रंगीत पाणी येतं हे शेंबडं पोर सांगेल. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, ती पिण्याच्या घाण पाण्यातून. पण नदीचा उतार काही बदललेला नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, २०२१ ला पुन्हा आला. सखल जागेला वस्ती कुणाची? जी वस्ती पूर्वी खालच्या पाण्याला लावली होती ती बहुतेक गावांत तिथंच आहे. एरवी वस्तीला पाणी शेवटी मिळतं. पुरात मात्र सगळ्यात आधी येतं.

आणि बाईचं म्हणाल तर मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. आमच्या पाळीला बायका आहेत. सकाळच्या पाळीला यायचं म्हणजे त्या तीन-साडेतीनला उठतात, कारण नळ त्या वेळी येतो. पाणी भरून, भाकरी करून, पोरांचं आवरून साच्यावर उभ्या राहतात. आम्ही पुरुष उठतो आणि येतो. सुट्टीत चहा पिताना मी कविता म्हणतो, त्या कौतुकानं ऐकतात. एकीनं विचारलं, "दादा, हे सगळं तुमी लिवता कवा?" मी म्हटलं, रात्री, निवांत. ती हसली नाही. नुसती मान हलवली. निवांतपणा घरात कुणाच्या वाट्याला येतो हे तिला माहीत होतं.

तेव्हा समीक्षेबद्दल माझं म्हणणं असं. कलावादी समीक्षेला नदीकाठचं घर सुंदर दिसतं कारण ती घाटावर उभी राहून बघते. आपली समीक्षा नुसती खालच्या पाणवठ्यावर उभी राहून वर शिव्या घालत राहिली तर तिलाही अर्धीच नदी दिसेल. पुस्तक वाचताना घरात शिरा. रांजण कुठं आहे बघा. तो कुणी भरला, किती खेपा झाल्या, पहिलं भांडं कुणी बुडवलं आणि शेवटचा गाळ कुणाच्या वाट्याला आला ते शोधा. ज्या लेखकाला हे माहीत आहे त्याची भाषा आपोआप खरी होते, मग तो जलालपूरचा असो नाहीतर वीरगावचा. ज्याला माहीत नाही त्याच्या पुस्तकात नदी कितीही सुंदर वाहू दे.

संपादकांना एक विनंती. पुढच्या अंकाची निम्मी पानं वस्तीतल्या बायकांसाठी ठेवा. लिहिता येत नसेल तर त्या सांगतील, आपण लिहून घेऊ. त्यांच्या बोलीला हात न लावता छापू. कवितांची गर्दी झाली म्हणून कुणाची कविता गाळायची वेळ आली तर पहिली माझी गाळा.

जयभीम.